सैबेरियाच्या वाटेवरील नांवांची अदलाबदल

जुन्या कागदांत नांव, गांव, गुन्हा व शिक्षा हीं चार कलमें नमूद असलीं म्हणजे तो इसम सांपडला, असें आम्ही संशोधक सहसा धरून चालतों. हा विश्वास कोठवर ठेवावा याचें उत्तम प्रत्यंतर रशियाच्या हद्दपारीच्या दप्तरांत मिळतें.

गुन्हेगारांस सैबेरियांत घालविण्याची चाल जुनी. तिला शिस्त लाविली ती मिखाईल स्पेरान्स्की यांच्या इ. स. १८२२ च्या नियमांनीं. टोबोल्स्क येथें हद्दपारांची कचेरी स्थापन होऊन प्रत्येकाची नोंद होऊं लागली. जॉर्ज केनन या अमेरिकन प्रवाशानें १८२३ ते १८८७ पर्यंत तिकडे गेलेल्यांची संख्या ७,७२,९७९ दिली आहे. तींत स्वखुषीनें मागोमाग गेलेलीं बायकामुलेंहि येतात.

केनन १८८५ सालीं तेथें गेला तेव्हां ट्यूमेनपासून टोम्स्कपर्यंत कैद्यांस नदीतून पडावांवर नेत. पुढें मात्र पायपीट. दोन दिवस मजल व तिसऱ्या दिवशीं मुक्काम, या हिशेबानें महिन्यास सुमारें ३३० मैल पडत. टोम्स्क ते इर्कूट्स्क या १,०४० मैलांस तीन महिने लागत. वाटेंत पहारा वरचेवर बदले. नवा अंमलदार शेंकडों तोंडें कोठून ओळखणार? तो डोकीं मोजी, यादीवरून नांवें पुकारी, आणि हिशेब जमला कीं पुढें हांकी.

येथेंच अदलाबदलीस जागा होती. सक्तमजुरीचा कैदी, केवळ वसाहतीस जाणारा एखादा जुगारी वा दारुड्या गांठून, थोड्या रुबलांत व कपड्यांत त्याचें नांव विकत घेई. पुकारा होतांच दोघेहि परक्या नांवास ‘हजर’ म्हणत. कैद्यांची जमात या सौद्यास साक्षी असे, व तो मोडणाऱ्यास प्राणास मुकावें लागे.

१८५० पासून चार वर्षें ओम्स्कच्या तुरुंगांत काढलेल्या दस्तयेव्हस्कीनें आपल्या तुरुंगविषयक ग्रंथांत सुशिलोव्ह नांवाचा असाच एक कैदी रंगविला आहे. एक तांबडा सदरा व एक रुपेरी रुबल एवढ्यावर त्यानें दुसऱ्याची शिक्षा पतकरली! ग्रंथ कादंबरीवजा असल्यानें तेवढ्यावर आम्ही भिस्त ठेविली नसती. परंतु पुष्कळ वर्षांनंतर आलेल्या परकी प्रवाशाची साक्ष तिच्याशीं जुळते.

१८७९ पासून ओदेसाहून सुवेज, कोलंबो या मार्गानें आगबोटींतून कैदी साखालीन बेटास जाऊं लागले. १८९० त चेखोव्ह यांनीं तेथें सुमारें दहा हजार पत्रिका भरून खानेसुमारी केली. तींत ‘न आठवणारा’, ‘बिननांवाचा’ अशीं आडनांवें आढळलीं. पळून पुन्हां सांपडलेल्यांनीं पूर्वीची शिक्षा लपविण्यासाठीं हीं घेतलेलीं होतीं.

यावरून आम्हांस इतकेंच म्हणावयाचें आहे : यादीचा आंकडा बरोबर असूनहि यादींतील माणूस चुकीचा असूं शकतो. कागद खोटा नव्हता. लिहिणाऱ्यानें ऐकलें तेंच लिहिलें. परंतु त्या बिनचूक कागदाखालीं कोणी एक मनुष्य एका सदऱ्याच्या मोलानें परक्याचें पाप आयुष्यभर वाहात राहिला, आणि दप्तरांत त्याचें खरें नांव भलत्याच इसमापुढें लागलें. आपल्या संग्रहांतील कैद्यांच्या याद्या वाचतांना ही गोष्ट ध्यानांत असावी.