दातामागचा वेग

दात हाती लागला की त्यामागे जबडा उभा राहतो आणि जबड्यामागे झेप. सुमारे ३६ लक्ष वर्षांपूर्वी लुप्त झालेल्या मेगॅलोडॉन या महाशार्कच्या वेगाविषयीच्या कल्पना अशाच घडत गेल्या, असे आम्हांस वाटते.

युरोपात हे त्रिकोणी दात सापांच्या दगड झालेल्या जिभा मानले जात. १६६६ साली इटलीत लिव्होर्नोनजीक पकडलेल्या एका प्रचंड शार्कचे डोके निकोलस स्टेनोने फ्लॉरेन्समध्ये चिरून पाहिले आणि हे 'जिभेचे दगड' शार्कचेच दात असल्याचे १६६७ साली मांडले. पुढे एकोणिसाव्या शतकात लुई अगासीने या प्राण्याला मेगॅलोडॉन, म्हणजे महादंत, हे नाव दिले आणि करवती कडांचे साम्य पाहून त्याला पांढऱ्या शार्कच्या प्रजातीत बसवले. आज त्याला वेगळ्या कुळात ठेवतात. पण मनातले चित्र सहजी पुसले जात नाही.

त्यालाही कारण आहे. शार्कचा सांगाडा कूर्चेचा. तो क्वचितच टिकतो. बेल्जियममध्ये एकाच प्राण्याचे शंभराहून अधिक मणके सापडले होते. त्यांवरून २०२२ साली संशोधकांनी सोळा मीटर लांबीची प्रतिकृती संगणकावर रचली. उरलेले शरीर मुख्यतः पांढऱ्या शार्ककडून उसने घेतले. नेहमीच्या संचाराचा वेग निघाला ताशी सुमारे ५ किलोमीटर.

पुढच्याच वर्षी जपानमधील खडकात दातांसोबत सापडलेले सूक्ष्म खवले तपासले गेले. वेगवान शार्कच्या खवल्यांवर पाणी कापणारे बारीक, दाट कंगोरे असतात. येथे ते नव्हते. अनुमान बदलले: हा प्राणी एरवी संथ, भक्ष्य टप्प्यात आल्यावरच झडप घालणारा. त्याच्या शरीराची ऊब वेगापेक्षा पचनाच्या कामी येत असावी, असेही सुचवले गेले. २०२५ साली लेमन शार्कसारखी सडपातळ, चोवीस मीटरपर्यंतची देहयष्टी मांडली गेली आणि वेग ताशी २.१ ते ३.५ किलोमीटर ठरला. म्हणजे आपल्या चालण्याहूनही कमी.

अर्थात मूठभर खवल्यांवरचे हे अनुमानही अखेरचे नव्हे. मात्र एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. दात भक्ष्य कसे फाडले जाई ते सांगतो. तिथवर पोहोचायला किती वेळ लागे, ते सांगत नाही. ती रिकामी जागा तीन शतके आपल्या भयानेच भरून काढली.