भयाचे आलंबन : एमेट टिल, दूरचित्रवाणी आणि ‘लव्हक्राफ्ट कंट्री’

अमेरिकन दूरचित्रवाणीवरील भयकथेचा वंशवादाशी असलेला संबंध तपासू पाहणाऱ्याला प्रारंभ अशा एका नाटकापासून करावा लागतो, ज्यात भूत नाही, राक्षस नाही आणि कोणतीही अतिमानुष शक्ती नाही. ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोचा चौदा वर्षांचा एमेट टिल हा कृष्णवर्णीय मुलगा मिसिसिपी राज्यातील मनी या खेड्यात नातेवाइकांकडे सुटीसाठी गेला होता. दुकानातील एका गौरवर्णीय स्त्रीशी गैर वागल्याचा आरोप त्याच्यावर आला. २८ ऑगस्टच्या पहाटे तिच्या नवऱ्याने आणि त्याच्या सावत्र भावाने त्याला घरातून उचलून नेले, छळून ठार मारले आणि कापसाच्या जिनातला अवजड पंखा गळ्यात अडकवून प्रेत टॅलाहाची नदीत फेकले. केवळ गौरवर्णीय पुरुषांच्या ज्यूरीने तासाभराच्या विचारविनिमयानंतर दोघांनाही निर्दोष ठरवले. जानेवारी १९५६ मध्ये ‘लुक’ नियतकालिकाकडून पैसे घेऊन त्यांनी खुनाची कबुली दिली.

रॉड सर्लिंग या तरुण नाटककाराला या घटनेवर दूरचित्रवाणीसाठी लिहायचे होते. एप्रिल १९५६ मध्ये ‘नून ऑन डूम्सडे’ हे त्याचे नाटक प्रक्षेपित झाले, तेव्हा त्यातला मृत मनुष्य कोणत्याशा अनामिक परदेशाचा झाला होता आणि गाव दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडमध्ये नेऊन ठेवले होते. दक्षिणेतील ग्राहक दुरावतील ही प्रायोजकांची धास्ती. कोका-कोलाची बाटलीसुद्धा दक्षिणेची सूचना देते म्हणून दृश्यातून हटवण्यात आली, अशी हकीकत सर्लिंगने पुढे सांगितली आहे. १९५८ मध्ये ‘अ टाउन हॅज टर्न्ड टू डस्ट’ या नाटकात त्याने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी कथा एकोणिसाव्या शतकात गेली आणि बळी मेक्सिकन झाला. ऑक्टोबर १९५९ मध्ये ‘द ट्वायलाइट झोन’ ही त्याची मालिका सुरू झाली. मंगळावरचा माणूस जे बोलू शकतो ते मिसिसिपीतला माणूस बोलू शकत नाही, हा धडा त्याने टिल प्रकरणातून घेतला होता. अमेरिकन दूरचित्रवाणीवर अद्‌भुताला जी प्रतिष्ठा लाभली, तिच्या मुळाशी असे एक वर्ज्य नाव आहे.

या पार्श्वभूमीवर ‘लव्हक्राफ्ट कंट्री’ या मालिकेचा विचार करावा लागतो. मॅट रफ या गौरवर्णीय लेखकाच्या २०१६ मधील कादंबरीवरून मिशा ग्रीन या कृष्णवर्णीय लेखिकेने ती सिद्ध केली. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२० या काळात एचबीओ वाहिनीवर तिचे दहा भाग प्रक्षेपित झाले. जुलै २०२१ मध्ये दुसरे पर्व होणार नसल्याचे वाहिनीने जाहीर केले. कथेचा काळ १९५५ च्या आसपासचा. कोरियाच्या युद्धातून परतलेला अ‍ॅटिकस फ्रीमन बेपत्ता वडिलांच्या शोधात काका जॉर्ज आणि बालमैत्रीण लेटिशा यांच्यासह शिकागोहून मॅसॅच्युसेट्सकडे मोटारीने निघतो. वाटेत त्यांना पोलीस भेटतात आणि राक्षसही भेटतात. सर्लिंगने ज्या नावासाठी अद्‌भुताचा बुरखा शोधला, ते एमेट टिलचे नाव ही मालिका त्याच अद्‌भुताच्या आत राहून उघडपणे उच्चारते. तसे करताना तिला काय साधले आणि कोठे तिचे पाऊल घसरले, हा या लेखाचा विषय आहे.

मालिकेच्या नावातला लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) हा विसाव्या शतकातील भयकथेचा एक प्रवर्तक. त्याचा वंशद्वेष हा चरित्रातला तपशील म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण त्याच्या भयाची घडणच त्यातून झाली आहे. आपल्या रसचर्चेतील परिभाषा येथे उपयोगी पडते. भय या स्थायीभावाचा आश्रय कोण आणि त्याचे आलंबन कोण, हा प्रश्न भयकथेला विचारला पाहिजे. १९२५ मध्ये लिहिलेल्या ‘द हॉरर अ‍ॅट रेड हुक’ या कथेत आश्रय आहे एक संवेदनशील, सुशिक्षित पोलीस अधिकारी आणि आलंबन आहे ब्रुकलिनमधली स्थलांतरितांची वस्ती. ‘द शॅडो ओव्हर इन्समथ’ मध्ये समुद्रातल्या जीवांशी झालेला रक्तसंकर हीच भीतीची वस्तू आहे. भयानक रसाची सामग्री येथे संकराच्या धास्तीतून पुरवली जाते. (लव्हक्राफ्टच्या विश्वाची छाया नारायण धारपांच्या काही कथांवर पडलेली आहे हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. धारपांनी ते विश्व मराठी वाड्यात आणून बसवताना त्यातला हा वांशिक अंश मागे राहिला. त्याच्या जागी कोणता सामाजिक अंश आला, याची चर्चा मात्र आपल्याकडे फारशी झालेली नाही.)

मालिका करते ती या आश्रय-आलंबनाची अदलाबदल. पहिल्या भागाचे ‘सनडाउन’ हे शीर्षक अमेरिकेतील एका वास्तव व्यवस्थेचे नाव आहे. सूर्यास्तानंतर कृष्णवर्णीयांनी हद्दीत दिसू नये असा लेखी वा अलिखित नियम पाळणारी गावे अमेरिकेत मोठ्या संख्येने होती. जेम्स लोवेन या समाजशास्त्रज्ञाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, ही गावे प्रामुख्याने दक्षिणेत नसून उत्तरेत व मध्यपश्चिमेत होती. वंशवाद म्हणजे दक्षिणेचा मागासलेपणा, ही उत्तरेची सोयीची समजूत त्यामुळे ढासळते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून कृष्णवर्णीय मोटारप्रवाशांसाठी जी मार्गदर्शिका काढली, ती याच भूगोलाची उलट बाजू होय : कोठे जेवण मिळेल, कोठे रात्र काढता येईल, याची यादी. मालिकेतला जॉर्ज अशीच एक मार्गदर्शिका काढतो. म्हणजे भयकथेतला नकाशा त्याच्या हातात आधीपासूनच आहे.

मॅसॅच्युसेट्समधील एका काल्पनिक परगण्यात, जंगलाच्या कडेला पोलीस अधिकारी या तिघांना गाठतो. हा सूर्यास्ताचा परगणा आहे, अंधार पडल्यावर सापडलात तर फासावर लटकवीन, असे तो शांतपणे सांगतो आणि सूर्य मावळायला काही मिनिटेच उरली आहेत हेही सांगतो. मग जो पाठलाग होतो तो भयपटांच्या इतिहासात बहुधा सर्वांत संथ असावा. वेगमर्यादा ओलांडली तर तेच अटकेचे निमित्त, न ओलांडावी तर सूर्य मावळणार. मागे पोलिसांची गाडी, पुढे हद्दीची रेषा आणि मध्ये ताशी पंचवीस मैल. या दृश्यात उद्दीपन विभावाचे काम करतात ती घड्याळ, वेगदर्शक काटा आणि मावळता प्रकाश. त्यात अतिमानुष असे काहीही नाही. हद्द ओलांडली जाते, परंतु पलीकडे दुसरे पोलीस उभेच असतात. त्यानंतर जंगलातून लव्हक्राफ्टचे बहुनेत्री शॉगॉथ येतात आणि पोलिसांवर तुटून पडतात. त्या क्षणी प्रेक्षकाला चक्क सुटल्यासारखे वाटते, कारण राक्षस निदान वर्ण पाहून चावा घेत नाही.

याच भागात, वाटेतील एका उपाहारगृहात, व्हाइट हाउस पांढरे का, असे अ‍ॅटिकस काकांना विचारतो. १८१४ मध्ये इंग्रजांनी ते जाळले आणि जळाल्याच्या खुणा रंगाखाली झाकल्या गेल्या, ही आख्यायिका त्याच्या मनात असते. इतिहासाच्या काटेकोर दृष्टीने ती खरी नाही. चुन्याचा पांढरा लेप त्या इमारतीवर आगीच्या आधीपासून होता. परंतु ज्या भिंतींमध्ये ते बसले आहेत त्या पांढऱ्या का आहेत, हे त्या प्रश्नातून उमगते. पूर्वी कृष्णवर्णीयांना वाढणारे हे उपाहारगृह जाळण्यात आलेले आहे. मला हा प्रसंग राक्षसांच्या सगळ्या प्रसंगांपेक्षा मोलाचा वाटतो. येथे भयकथेची संकेतपद्धती इतिहासवाचनाची पद्धती होते : वस्तूंवरचा थर खरवडून पाहणे.

तिसऱ्या भागात लेटिशा शिकागोच्या गौरवर्णीय वस्तीत जुने घर विकत घेते. शेजारी आपल्या मोटारी घरासमोर उभ्या करून त्यांचे भोंगे अखंड वाजत राहतील अशी व्यवस्था करतात. पुढे अंगणात क्रूस जाळला जातो. आत तळघरात, पूर्वीच्या मालकाने ज्यांच्यावर अघोरी प्रयोग केले त्या कृष्णवर्णीयांची भुते आहेत. झपाटलेले घर हा भयकथेचा घासून गुळगुळीत झालेला संकेत. पण या शहरात त्याला इतिहासाचा आधार आहे. १९३७ मध्ये लोरेन हॅन्सबेरीच्या वडिलांनी अशाच वस्तीत घर घेतले, जमावाने हल्ला केला आणि खटला १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या अनुभवातून पुढे तिचे ‘अ रेझिन इन द सन’ (१९५९) हे नाटक आले. १९५१ मध्ये शिकागोलगतच्या सिसरो गावात एका कृष्णवर्णीय कुटुंबाला रोखण्यासाठी हजारोंचा जमाव जमला आणि सैनिकी दल बोलवावे लागले. हॅन्सबेरीचे नाटक कुटुंब नव्या घराकडे निघते तेथे थांबते. उंबऱ्यापलीकडे काय झाले ते रंगमंचाबाहेर राहते. वास्तववादाने जेथे पडदा पाडला तेथून ही भयकथा आत शिरते.

आठव्या भागाचा प्रारंभ टिलच्या अंत्यदर्शनाने होतो. मुलाचा विद्रूप चेहरा जगाने पाहावा म्हणून मेमी टिलने शवपेटी उघडी ठेवली होती आणि ‘जेट’ साप्ताहिकाने छायाचित्र छापले होते. मालिका मात्र चेहरा दाखवत नाही. ती रांग दाखवते, उकाडा दाखवते, नाकाला लावलेले रुमाल दाखवते. तिसऱ्या भागात बोबो नावाच्या एका मुलाने प्लँचेटला, आपला प्रवास मजेत होईल का, असे विचारले होते. तो बोबो म्हणजेच एमेट, हे आता प्रेक्षकाला कळते. हा संयम सहेतुक आहे. मेमी टिलचा निर्णय एका आईचा होता. त्याची पुनरावृत्ती करण्याचा अधिकार करमणुकीच्या वाहिनीला आपोआप मिळत नाही. एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या ‘देम’ या मालिकेशी तुलना केली म्हणजे हे स्पष्ट होते. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील कॉम्प्टनच्या गौरवर्णीय वस्तीत राहायला आलेल्या कुटुंबाची ती कथा. परंतु तिच्या पाचव्या भागात तान्ह्या मुलाची हत्या ज्या तपशिलाने चित्रित केली आहे, तिच्यावर कृष्णवर्णीय समीक्षकांनीच कठोर टीका केली. तेथे भयानक संपतो, बीभत्स उरतो.

‘लव्हक्राफ्ट कंट्री’ मात्र प्रेक्षकाचा हा मोह स्वतःच्या कथानकात आणते. टिलच्या मृत्यूने शोकाकुल झालेली रूबी आपल्या गौरवर्णीय सखीला, क्रिस्टिनाला, तुला काही वाटते का, असे विचारते. मंत्राने मरणापलीकडे गेलेली ही क्रिस्टिना नंतर पैसे देऊन माणसे ठरवते आणि टिलला जसे मारले तसे आपल्याला मारून नदीत फेकायला लावते. ती अर्थातच पाण्यातून जिवंत बाहेर येते. दुसऱ्याचे मरण अनुभवण्याची हौस, तीही स्वतःच्या अवध्यतेची खात्री असताना! पडद्यासमोर सुरक्षित बसून वंशवादाचे भय ‘अनुभवणाऱ्या’ प्रेक्षकाला याहून अचूक आरसा या मालिकेत दुसरा नाही, आणि तो आरसा भारतातल्या प्रेक्षकालाही चुकवता येत नाही.

मग उणे कोठे पडते? माझ्या मते, मालिकेने गौरवर्णीय सत्तेचे मूळ एका गुप्त मांत्रिक संप्रदायात शोधले तेथे. संप्रदाय म्हटला की त्याला एक ग्रंथ असतो, वारस असतो, तोड असते. शेवटच्या भागात लेटिशा सर्व गौरवर्णीयांची जादू काढून घेते आणि प्रश्न मिटतो. परंतु लेटिशाच्या वस्तीतले शेजारी जादू जाणत नव्हते. त्यांच्याकडे खरेदीखतातील वंशविषयक अटी होत्या आणि संघीय गृहवित्त यंत्रणेची धोरणे होती. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची अंमलबजावणी न्यायालये करू शकत नाहीत असे ठरवले, तरी वस्त्या तशाच राहिल्या. षड्यंत्राला चेहरा असतो म्हणून ते कथेला सोयीचे. व्यवस्थेला तो नसतो. याच घाईत चौथ्या भागात यहिमा या मूलनिवासी पात्राला बोलते करताच मारून टाकले जाते. ही आपली चूक होती, असे ग्रीन यांनी पुढे जाहीरपणे मान्य केले.

नवव्या भागात ही ओढाताण सर्वांत उघडी पडते. हरवलेला मंत्रग्रंथ मिळवण्यासाठी पात्रे ओक्लाहोमातील टल्सा शहरात, ३१ मे १९२१ च्या रात्रीत जातात. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी गौरवर्णीय जमावाने ग्रीनवुड ही समृद्ध कृष्णवर्णीय वस्ती, सुमारे पस्तीस चौकांचा प्रदेश, जाळून टाकला. मृतांचा अधिकृत आकडा ३६ होता; राज्याने नेमलेल्या आयोगाच्या २००१ च्या अहवालात तो ३०० पर्यंत असू शकेल असे अंदाज नोंदवलेले आहेत. एचबीओच्याच ‘वॉचमेन’ने (२०१९) या आगीपासून प्रारंभ केला होता. येथे मात्र अ‍ॅटिकसचे वडील माँट्रोज, ज्यांचे बालपण तेथे गेले, खिडकीतून जळत्या वस्तीकडे पाहत त्या रात्री गेलेल्या माणसांची नावे एकेक करून उच्चारतात. जिच्यासाठी हा खटाटोप आहे ती पोथीही ‘नावांचा ग्रंथ’ म्हणवते. माँट्रोजच्या तोंडची यादी ऐकताना त्या पोथीची आठवणही राहत नाही.

ग्रीनवुडच्या घरमालकांनी आणि दुकानदारांनी नंतर विम्याचे दावे दाखल केले. घटनेला ‘दंगल’ असे नाव देण्यात आले होते आणि दंगलीतील नुकसान भरून न देण्याचे कलम विमापत्रांत होते. दावे फेटाळले गेले. त्या आगीतून वाचलेल्या, शंभरी ओलांडलेल्या स्त्रियांचा भरपाईचा दावा ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये निकालात काढला, तोही त्यांच्या विरोधात. माँट्रोज खिडकीत उभे असतात तेव्हा ही विमापत्रे त्याच जळत्या घरांतून कोठेतरी असणार. मालिकेचा कॅमेरा मंत्रग्रंथ घेऊन आगीतून चालत येणाऱ्या लेटिशाच्या मागे जातो.