पाळणा कुत्र्याने रिकामा केला नाही

लग्नाला सात-आठ वर्षं झाली, घरात मूल नाही आणि दारात लॅब्रॅडॉर शेपूट हलवत उभा आहे, असं दिसलं की नातलगांचा निष्कर्ष तयार असतो : मुलाची जबाबदारी नको म्हणून कुत्रा आणला. हा निष्कर्ष आता घरगुती कुजबुजीपुरता उरलेला नाही. अनेक जोडपी मूल होऊ देत नाहीत किंवा एकावरच थांबतात, पण कुत्री-मांजरं दोन-दोन पाळतात, अशी खंत पोप फ्रान्सिस यांनी ५ जानेवारी २०२२ रोजी व्हॅटिकनमधल्या साप्ताहिक सभेत व्यक्त केली होती. त्यात त्यांना स्वार्थ दिसला आणि माणूसपणाची हानीही दिसली. जपानमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांपेक्षा पाळीव कुत्र्या-मांजरांची संख्या जास्त आहे, ही बातमी आपल्याकडेही छापून येते आणि ती वाचून सुशिक्षित माणसंही हळहळतात.

या मताची तीन अंगं आहेत. पहिलं, प्राणी मुलाची जागा घेतो आणि म्हणून जन्मदर घसरतो. दुसरं, ही निवड स्वार्थाची आहे, कारण जनावर प्रेम देतं आणि मोबदल्यात फारसं काही मागत नाही. तिसरं, वात्सल्य माणसासाठी असतं. ते जनावरावर उधळणं हा मोह आहे आणि जडभरताच्या कथेतून परंपरेनेच त्याविरुद्ध बजावलं आहे. मत प्रामाणिक आहे, त्यामागची काळजीही खोटी नाही. तरीही तिन्ही अंगांनी ते टिकत नाही.

पहिल्या अंगाची परीक्षा जपानवरच करू. प्राणी मुलाची जागा घेत असेल, तर मुलं कमी होत गेली तसे प्राणी वाढायला हवेत. तिथल्या पेट फूड असोसिएशनच्या अंदाजानुसार २००८ मध्ये जपानमध्ये सुमारे १ कोटी ३० लाख पाळीव कुत्री होती. २०२३ मध्ये ती सुमारे ६८ लाखांवर आली. मांजरांची संख्याही या काळात फुगली नाही. याच पंधरा वर्षांत एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांचं सरासरी प्रमाण, म्हणजे एकूण प्रजनन दर, १.३७ वरून १.२० वर घसरला. म्हणजे मुलं कमी झाली आणि कुत्री त्याहून वेगाने कमी झाली. मुलांपेक्षा प्राणी आजही जास्त आहेत, पण या काळात मुलं घटली म्हणून प्राणी वाढले नाहीत. कारणंही बहुतांशी सामाईक आहेत : आटोपशीर घरं, लांबलचक कामाचे तास, एकटी राहणारी माणसं, वाढता खर्च. ज्याला मुलासाठी वेळ नाही, त्याला कुत्र्यासाठीही तो पुरत नाही.

देशादेशांची तुलनाही हेच सांगते. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत ६२ टक्के अमेरिकनांकडे पाळीव प्राणी होता. तिथला प्रजनन दर १.६ च्या आसपास आहे. दक्षिण कोरियात पाळीव प्राणी असलेली घरं ढोबळमानाने चारात एक, किंवा त्याहूनही कमी. पण तिथला दर २०२३ मध्ये ०.७२ होता, जगातल्या सर्वांत कमी दरांपैकी एक. प्राण्यांमुळे पाळणे रिकामे राहत असते, तर हे आकडे उलटे दिसायला हवे होते. कोरियातल्या तरुणांच्या तक्रारी वेगळ्याच आहेत. सोलमध्ये घर परवडत नाही, मुलांच्या खासगी शिकवण्यांचा खर्च झेपत नाही आणि बाळंतपणानंतर बाईची नोकरी मागे पडते.

आता आपल्या अंगणात येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा प्रजनन दर १९९२-९३ मध्ये २.९ होता. २००५-०६ मध्ये तो २.१ झाला आणि २०१९-२१ च्या पाहणीत १.७ वर आला. मोठी घसरण झाली ती शहरी फ्लॅटमध्ये महागडी कुत्री दिसू लागण्याच्या आधी. ती घडवली मुलींच्या शिक्षणाने, उशिरा होणाऱ्या लग्नांनी, बालमृत्यू घटल्याने आणि कुटुंबनियोजनाच्या साधनांनी. आणि कुत्रं आपल्याकडे नवं कुठे आहे? दारात राखणीचा कुत्रा, गोठ्यात गाय आणि घरात आठ-दहा पोरं, असंच चित्र खेड्यापाड्यांतून पिढ्यान् पिढ्या होतं. तेव्हा जनावराने कुणाच्या मुलाची जागा घेतली नाही.

मूल नको, हा विचारपूर्वक निर्णयही महाराष्ट्राला परका नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. या कामापायी त्यांची विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी मूल न होऊ देण्याचं ठरवलं आणि ते पाळलं. ज्या जोडप्याने स्वतःचं सारं आयुष्य लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, आरोग्यासाठी झिजवलं, त्याला स्वार्थी म्हणण्याचं धाडस कोण करील? मूल नसणं आणि स्वार्थ यांची गाठ आपोआप बसत नाही, हे दाखवायला हे एक उदाहरण पुरेसं आहे.

स्वार्थाचा आरोप आणखी एका ठिकाणी फसतो. मूल कशासाठी हवं, असं विचारलं की बहुधा उत्तरं येतात : म्हातारपणी आधार हवा, वंश चालायला हवा, लोक काय म्हणतील. ही उत्तरं निःस्वार्थ आहेत का? जन्माला येणाऱ्या जिवासाठी मूल हवं असेल तरच त्या इच्छेला वात्सल्य म्हणता येतं. ज्यांना आपल्यात ती इच्छा किंवा ताकद नाही हे कळतं आणि म्हणून जे थांबतात, ते त्या न जन्मलेल्या जिवाचा अपराध करत नाहीत. शिवाय कुत्रं काही मागत नाही, हेही खरं नाही. दहा-बारा वर्षं रोज दोनदा फिरवणं, लसीकरण, आजारपण, बाहेरगावी जायचं तर त्याची सोय आणि अखेरीस डोळ्यांदेखत त्याचं म्हातारं होणं, हे सगळं पाळणाऱ्याच्या वाट्याला येतं.

‘मग अनाथ मूल दत्तक का घेत नाहीत?’ हा प्रश्नही विचारला जातो. देशात दत्तक मुलासाठी नोंदणी करून थांबलेली कुटुंबं तीस हजारांहून अधिक आहेत, आणि २०२४-२५ मध्ये सुमारे साडेचार हजार मुलं दत्तक गेली. प्रतीक्षा तीन वर्षांपलीकडे जाते. या रांगेतल्या एखाद्या घरी मांजर असेल, तर तिला बोल लावणं हे नुसतं चूक नाही, निर्दयपणाचं आहे. मूल नसलेल्या प्रत्येकाने मूल नाकारलेलं नसतं.

आता जडभरत. राजा भरताने गंडकीच्या काठी आईवेगळं हरणाचं पाडस वाचवलं, त्याच्यात जीव गुंतवला आणि पुढचा जन्म हरणाचा घेतला, एवढंच सहसा सांगितलं जातं. पण भागवताचा पाचवा स्कंध नीट वाचला, तर भरताला पाच मुलगे होते. राज्य त्यांच्यात वाटून तो वानप्रस्थाला निघाला होता. म्हणजे पाडस मुलांच्या बदल्यात आलेलंच नाही. ते मुलांनंतर आलं, जसं मुलं परदेशी गेलेल्या पुण्यातल्या एखाद्या वृद्ध दांपत्याकडे येतं. कथेचा दोषारोप आसक्तीवर आहे, ती साधनेच्या आड आली म्हणून. त्या मापाने पुत्रमोहही तितकाच दोषी, आणि तो तोडूनच भरत निघाला होता. ज्यांना या कथेचा आधार घ्यायचा आहे, त्यांनी तो मूल होऊ देण्याच्या बाजूने घेऊ नये. आणि महाभारतातला युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जायला नकार देतो, हेही परंपरेनेच सांगितलं आहे.

माया हा शिधा नव्हे की एकाला वाढला तर दुसऱ्याला कमी पडेल. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडलं. आई आणि बाळ यांच्या नात्यातही हेच रसायन काम करतं. यावरून ‘मातृत्वाची फसवणूक झाली’ असा अर्थ काढला जातो. पण दुसरं मूल झालं म्हणून पहिल्यावरची माया निम्मी होत नाही, तसंच हेही. लहान मुलं असलेल्या घरांतही कुत्री-मांजरं सुखाने नांदतात.

पूर्वपक्षातलं एक मात्र मान्य करायला हवं. जनावराला बाळ समजण्यात धोका आहे, पण तो जनावराला आहे. मोठे डोळे, गोल चेहरा, बसकं नाक पाहून माणसाला माया फुटते, हे प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेंझ यांनी १९४३ मध्येच नोंदवलं होतं. याच आवडीपायी पग आणि फ्रेंच बुलडॉगसारख्या जातींची तोंडं इतकी आखूड केली गेली की त्यांतल्या अनेकांना धड श्वासही घेता येत नाही. विदर्भाच्या मे महिन्यात अशा कुत्र्याचे काय हाल होतात, ते कुठल्याही पशुवैद्याला विचारावं. कुत्र्याला कुत्रा म्हणून वाढवणं, त्याला हुंगू देणं, पळू देणं, हीच त्याच्यावरची खरी माया.

जन्मदराची चिंता असलेल्यांनी बोट योग्य जागी ठेवावं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात होती, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. ती आपल्या कार्यालयात आहे का, हे प्रत्येकाने पाहावं. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने आजही पितृत्व रजा नाही. घरकामाची वाटणी, पाळणाघर आणि बापाची रजा यांवर बोला, त्यांसाठी भांडा. शेजारच्या जोडप्याला मूल का नाही हे विचारू नका, आणि त्यांच्या कुत्र्याला त्याचं उत्तर समजू नका.