निवृत्तीच्या दारातून

डिसेंबर 2019च्या आयपीएल लिलावात कोलकाता नाइट रायडर्सने 48 वर्षांच्या प्रवीण तांबेला 20 लाखांना घेतलं आणि थोड्याच दिवसांत त्याला खेळता येणार नाही असं ठरलं. मुंबईचा हा लेगस्पिनर एकही रणजी सामना न खेळता 41व्या वर्षी आयपीएलमध्ये आला होता. 2018मध्ये निवृत्ती घेऊन तो शारजात टी-टेन लीग खेळला आणि मग परत लिलावात उतरला. हे नियमात बसत नव्हतं. बीसीसीआयच्या नियमानुसार भारतीय पुरुष क्रिकेटपटूला परदेशातली टी-ट्वेंटी किंवा टी-टेन लीग खेळायची असेल तर आधी आयपीएलसकट इथलं सगळं क्रिकेट सोडावं लागतं. 2020मध्ये तांबे कॅरेबियन प्रीमियर लीगमध्ये खेळणारा पहिला भारतीय ठरला. त्याचा संघ त्रिनबागो नाइट रायडर्स, म्हणजे कोलकात्याच्याच मालकांचा.

निवृत्त व्हा आणि मग परदेशी खेळा, हा मार्ग तांबेच्या आधी एका जपानी बेसबॉलपटूने शोधला होता.

1964मध्ये जपानच्या नानकाई हॉक्सने मासानोरी मुराकामी या तरुण पिचरला (पिचर म्हणजे बेसबॉलमधला चेंडू फेकणारा) शिकायला अमेरिकेत पाठवलं. तो इतका चांगला निघाला की सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला मुख्य संघात घेतलं आणि परत द्यायला नकार दिला. भांडण झालं. 1965चा हंगाम संपवून मुराकामी मायदेशी परतला आणि 1967मध्ये दोन्ही देशांच्या बेसबॉल संस्थांनी एकमेकांचे खेळाडू पळवायचे नाहीत असा करार केला. मुराकामीनंतर तीस वर्षं एकही जपानी खेळाडू मेजर लीगमध्ये दिसला नाही.

हिदेओ नोमो किंतेत्सु बफलोजचा पिचर. 1994नंतर त्याला अनेक वर्षांचा करार हवा होता, क्लब तयार नव्हता. त्याचा एजंट डॉन नोमुरा याने नियम बारकाईने वाचले. निवृत्त खेळाडू परतला तर जुन्याच क्लबकडे यावं लागेल, असं त्यात होतं. जपानबाहेर खेळण्याबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं. नोमो 26व्या वर्षी ‘निवृत्त’ झाला, फेब्रुवारी 1995मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला आणि पहिल्याच हंगामात 236 फलंदाज स्ट्राइकआउट करून सर्वोत्तम नवोदित ठरला.

ही पळवाट नंतर बुजवली गेली, पण तिच्या जागी 1998मध्ये रीतसर दार बसवलं गेलं. त्याचं नाव पोस्टिंग. क्लबने परवानगी द्यायची, अमेरिकी संघाने क्लबला मोबदला द्यायचा. 2006मध्ये दाइसुके मात्सुझाकाशी नुसतं बोलण्याच्या हक्कासाठी बोस्टन रेड सॉक्सने सेइबू लायन्सला 5 कोटी 11 लाख डॉलर मोजले. 2023मध्ये योशिनोबू यामामोतो 32.5 कोटींच्या करारावर डॉजर्सकडे गेला, तेव्हा ओरिक्स क्लबलाही सुमारे 5 कोटी मिळाले. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. नवी कंपनी जुन्या कंपनीला नोटीस पिरियडचे पैसे भरते आणि माणूस सोडवून नेते, तसंच हे.

बीसीसीआयची भीती खोटी नाही. आयपीएलची किंमत भारतीय खेळाडू दुसरीकडे दिसत नाहीत यातच आहे, आणि सगळे बाहेर गेले तर रणजीचं काय? पण सांगलीची स्मृती मानधना भारताकडून खेळत असतानाच ऑस्ट्रेलियाच्या बिग बॅशमध्ये आणि इंग्लंडच्या ‘द हंड्रेड’मध्ये खेळते. तिच्या जाण्याने भारतीय महिला क्रिकेट ओस पडलेलं नाही. बंदी फक्त पुरुषांवर आहे, कारण तिथे राखायला मोठी बाजारपेठ आहे.

मानधनासारखी सोय आपल्या मुलांना नाही. आयपीएलचे दहा संघ, प्रत्येकी जास्तीत जास्त 25 जण, त्यात 8 पर्यंत परदेशी. म्हणजे सगळ्या देशातून दोनशेच्या आसपास जागा. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला 2022मध्ये चेन्नईने दीड कोटींना घेतलं, तेव्हा लातूर-नांदेडच्या मैदानांवरही आशा वाढली. पण ज्याचा नंबर त्या दोनशेत लागत नाही, त्या बाविशीतल्या वेगवान गोलंदाजाला वेस्ट इंडिजमधून बोलावणं आलं तर? त्याला रणजीचं स्वप्न सोडून निवृत्तीचा अर्ज लिहावा लागेल. तांबेने तो पंचेचाळिशी उलटल्यावर लिहिला. बाविशीत तो कोण लिहील?

जपानी क्लबांनी खेळाडूवरचा हक्क सोडला नाही, त्याची किंमत ठरवली. आपल्याकडे निदान तेवढं तरी व्हावं.