उगवलं, पण टिकलं नाही. खोट बियाण्यात की मातीत?

गेल्या रब्बीत शेजारच्या गावातून फोन आला. "हरभरा उगवला आणि पिवळा पडून चाललाय. बियाणं बोगस आहे, छापा." गेलो. बारकी रोपं पानांच्या कडेने वाळत होती. विचारलं, खरिपात काय होतं? मका. फवारलं काय? अ‍ॅट्राझीन. "तण लई होतं, डोस जरा वाढवला."

या फवारणीचा इतिहास फार जुना नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन-अमेरिकेत गुपचूप संशोधन झालं आणि १९४५ मध्ये टू-फोर-डी बाजारात आलं. झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची ही नक्कल. रुंद पानाचं तण वेडंवाकडं वाढून मरतं, गहू-ज्वारी तगून राहतात. पण कापूसही रुंद पानाचाच! उसावर मारलेलं वाऱ्याने आलं, किंवा पंप नीट धुतला नाही, तरी कपाशीची पानं बोटांसारखी चिंचोळी होतात.

१९५८ मध्ये स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीने अ‍ॅट्राझीन आणलं. मका ते स्वतः पचवतो. हरभरा, सोयाबीनला ते जमत नाही. आणि गंमत बघा, ते उगवण रोखत नाही. दाण्यातल्या शिदोरीवर कोंब वर येतो, मुळं औषध ओढतात, पानाचं उन्हातून अन्न करणं बंद पडतं. शिदोरी संपली की रोप संपलं. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात हे औषध जास्त दिवस टिकतं, त्यात पाऊस लवकर उघडला तर आणखीच. भूजलात सापडत राहिलं म्हणून युरोपीय संघाने २००४ मध्ये त्याची मान्यता काढली. आपल्याकडे दुकानात मिळतं.

२०२० मध्ये सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर हजारो तक्रारी झाल्या. तेव्हा बियाणं खरंच खराब होतं, आदल्या वर्षी काढणीत भिजलेलं. त्या बातम्या मीही केल्या. पण तेव्हापासून सवयच लागली, रोप गेलं की बियाणं बोगस. मी पाहिलेल्या एकाही पंचनाम्यात मागच्या हंगामात काय फवारलं याची नोंद नव्हती.

त्या शेतकऱ्याला म्हटलं, दोन डबे घ्या. एकात रानातली माती, दुसऱ्यात न फवारलेल्या बांधाची. बी तेच, पाणी तेवढंच, दोन्ही उन्हात. तीन आठवड्यांनी त्यांनी फोटो पाठवला. बांधाच्या मातीतला हरभरा हिरवागार, रानातला पिवळा.

दुकानदाराविरुद्धचा अर्ज त्यांनी अजून दिलेला नाही. पीक मात्र गेलंच, आणि ते नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचं हे पंचनाम्याला आलेल्यांनाही सांगता येईना.