तेजाबातले तपकिरी सोने

विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव हा आपला भाग. पाऊस कमी, जमीन मुरमाड. म्हणून इथली माणसे बाहेर पडली आणि केरळपासून पंजाबपर्यंत सराफ पेठांच्या गल्ल्यांत गलाईची भट्टी लावून बसली. आपल्या बॅचमधल्याही कितीतरी जणांनी दहावीनंतर दप्तर ठेवले आणि हातात मूस-सांडशी घेतली. संपादक मंडळाने इतिहासावर लेख मागितला, तेव्हा शिवकाळ आणि पेशवाईवर लिहिणारे जाणकार आपल्यात आहेत हे लक्षात घेऊन मी वेगळा विषय निवडला. गलाईच्या भांड्याच्या तळाशी जो तपकिरी गाळ बसतो, त्याचा हा इतिहास.

गलाईत नसलेल्यांसाठी थोडे सांगतो. जुन्या दागिन्यांची मोड येते, त्यात हीण असते. ते काढायचे तर आधी उलटेच करावे लागते. सोन्यात आणखी चांदी किंवा तांबे मिसळून सोन्याचा वाटा साधारण चौथाईवर आणतात. हा रस पाण्यात ओतून रवा पाडतात आणि रवा शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी-तांबे विरघळते, सोने राहते. पण ते पिवळे नसते. तपकिरी, मातकट, दाबले तर भुगा होईल असे दिसते. नवख्या माणसाला ते सोने आहे हे पटत नाही. धुऊन, सुकवून, टाकणखार घालून ते मुशीत वितळवले की पिवळाधमक गोळा हाती येतो.

हे चौथाईचे गणित जुने आहे. युरोपातल्या टाकसाळींतही सोन्याचा कस काढताना हेच प्रमाण धरत. सोने जास्त राहिले तर तेजाब आतपर्यंत पोचत नाही, हे कारागिरांना अनुभवाने ठाऊक होते. आत नेमके काय घडते, हे मात्र विज्ञानाला नीट सांगता आले ते अगदी अलीकडे.

पोकळ सोन्याच्या या गोष्टीतले सर्वांत जुने कारागीर दक्षिण अमेरिकेतले. आजच्या कोलंबिया, इक्वेडोर, पेरू या भागांतले सोनार सोने आणि तांब्याचा मिश्रधातू वापरत. स्पॅनिश लोक त्याला तुंबागा म्हणत. तुंबागाची वस्तू तापवली की पृष्ठभागावरच्या तांब्याचा ऑक्साइड होतो. तो आंबट वनस्पतिरसाने किंवा क्षारांनी धुऊन काढायचा, पुन्हा तापवायचे, पुन्हा धुवायचे. हळूहळू वरच्या थरातले तांबे निघून जाते आणि सच्छिद्र सोन्याचा पातळ पापुद्रा उरतो. तो घासून दाबला की छिद्रे मिटतात आणि सगळी वस्तू सोन्याची दिसते. बाहेरून सोने चढवलेले नाही, आतलेच वर आणलेले आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश विजेत्यांनी अशा असंख्य वस्तू वितळवून लगडी केल्या. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या हेदर लेक्टमन यांनी उरलेल्या वस्तूंचा अभ्यास करून ही जुनी रीत पुन्हा उलगडून दाखवली.

त्याच कोलंबियातल्या नद्यांच्या वाळूत सोन्याबरोबर एक पांढरा धातू सापडे. तो वितळत नसे, म्हणून स्पॅनिश खाणवाल्यांनी त्याला ‘छोटी चांदी’ अशा अर्थाचे हेटाळणीचे नाव दिले: प्लॅटिना. प्लॅटिनम वितळायला १७६८ अंश सेल्सिअस तापमान लागते आणि त्या काळच्या भट्ट्यांना ते झेपत नव्हते. इंग्लंडच्या विल्यम वोलॅस्टन यांनी १८०० नंतर यावर मार्ग काढला. प्लॅटिनम आम्लराजात विरघळवायचे, त्यात नवसागर घालून पिवळा साका पाडायचा आणि तो तापवायचा. मागे राहतो राखाडी स्पंज. तो ओला असतानाच बारीक करून जोराने दाबायचा, तापवायचा आणि घणाने ठोकायचा. न वितळवता घडीव प्लॅटिनम मिळते. वोलॅस्टन यांनी ही रीत गुपित ठेवून चांगला पैसा मिळवला आणि १८२८ मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, ती जाहीर केली.

इथपर्यंतच्या कथेत एक समान धागा दिसेल. पेरूचा सोनार, लंडनचा वोलॅस्टन आणि आपला गलाईवाला, तिघांच्याही हातात छिद्रांनी भरलेला मौल्यवान धातू आला. तिघांनीही तो मधली पायरी मानला. घासून, ठोकून किंवा वितळवून छिद्रे घालवणे हेच तिघांचे काम होते.

छिद्रे राखली तर काय होते, हे पाहिले जर्मनीतल्या येना येथील योहान डोबेरायनर यांनी. हा बग्गी हाकणाऱ्याचा मुलगा. शाळा फारशी झाली नव्हती, औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करून रसायन शिकला आणि पुढे प्राध्यापक झाला. कवी गटे त्यांचे चाहते आणि आश्रयदाते होते. १८२३ च्या उन्हाळ्यात डोबेरायनर यांनी प्लॅटिनमच्या स्पंजावर हायड्रोजनचा झोत सोडला. काडी नाही, ठिणगी नाही, तरी स्पंज लाल झाला आणि हायड्रोजन पेटला. हवेतला ऑक्सिजन आणि हायड्रोजन त्या छिद्रांच्या भिंतींवर एकत्र येत होते आणि त्या उष्णतेने धातू तापत होता. स्पंज मात्र होता तसाच राहिला.

याचाच त्यांनी दिवा केला. बरणीत जस्त आणि सौम्य गंधकाम्ल. तोटी उघडली की हायड्रोजन बाहेर येतो, स्पंजावर आदळतो आणि ज्योत लागते. काडेपेटी बाजारात येण्याच्या आधीची ही गोष्ट. युरोपातल्या अनेक घरांत हा दिवा पोचला. डोबेरायनर यांनी पेटंट घेतले नाही. पुढे १८३५-३६ च्या सुमारास स्वीडनच्या बर्झेलियस यांनी अशा साऱ्या प्रक्रिया एकत्र मांडून त्यांना ‘कॅटॅलिसिस’ हे नाव दिले. आपण नववी-दहावीत पाठ केलेले ‘उत्प्रेरक’ ते हेच. आणि मूलद्रव्यांच्या वर्गीकरणात ‘डोबेरायनरची त्रिके’ म्हणून पाठ केला तो माणूसही हाच.

मुद्दाम छिद्रे पाडण्यासाठी मिश्रधातू करावा, ही कल्पना उद्योगात आणली अमेरिकन अभियंता मरे रेनी यांनी, १९२० च्या दशकात. त्यांना तेलात हायड्रोजन मुरवून घट्ट तूप करायचे होते. त्यांनी निकेल आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र वितळवले आणि कॉस्टिक सोड्याने अ‍ॅल्युमिनियम विरघळवून टाकले. उरला निकेलचा स्पंज. निकेल मौल्यवान नव्हे, पण युक्ती गलाईचीच: आधी मिसळायचे, मग एकाला खाऊन टाकायचे.

सोन्याचे कोडे सुटायला आणखी वेळ लागला. १९७९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. जे. फोर्टी यांनी ‘नेचर’ नियतकालिकात मौल्यवान मिश्रधातूंचे गंजणे आणि दक्षिण अमेरिकेतली ती जुनी सोनेरी कला यांचा थेट संबंध दाखवला. २००१ मध्ये त्याच नियतकालिकात जोना एर्लेबाकर आणि सहकाऱ्यांनी पूर्ण यंत्रणा मांडली. ती समजायला आपल्याकडची जुनी दगडमातीची भिंत डोळ्यांपुढे आणा. पाऊस माती धुऊन नेतो. सुटे झालेले दगड जागेवर राहत नाहीत, घसरून एकमेकांना बिलगतात. त्यामुळे आतली माती उघडी पडते आणि पाऊस तीही नेतो. सोन्याचे अणू असेच करतात. चांदी गेली की सुटे पडलेले सोन्याचे अणू पृष्ठभागावर सरकत एकत्र येतात, मधली चांदी पुन्हा उघडी पडते आणि तेजाब आत शिरत जाते. शेवटी सोन्याच्या बारीक काड्यांचे एकसंध जाळे उरते. काड्यांची जाडी काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

या पोकळीची किंमत आपल्या भाषेत मोजू. एक सेंटिमीटर बाजूचा सोन्याचा ठोकळा १९.३ ग्रॅमचा, म्हणजे दोन तोळ्यांना थोडा कमी. त्याचा पृष्ठभाग फक्त सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटर बाजूचे चौकोनी तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग सहाशे चौरस मीटर होतो. म्हणजे जवळजवळ सहा गुंठे! रासायनिक क्रिया पृष्ठभागावरच घडते, म्हणून ही शेती महत्त्वाची.

आणि इतक्या बारीक अवस्थेत सोन्याचा स्वभावही बदलतो. कशाशीही पटकन संयोग न पावणारे म्हणून आपण सोन्याला ओळखतो. पण जपानच्या मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवले की धातूंच्या ऑक्साइडवर बसवलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण विषारी कार्बन मोनॉक्साइडचे शून्याखालच्या तापमानातही कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करतात. २००६-०७ मध्ये तेजाबातून काढलेल्या सच्छिद्र सोन्यानेही हेच काम करून दाखवले. त्यात मागे राहिलेली थोडी चांदी या कामात मदत करते, हेही पुढे कळले. आपल्याकडे जी चांदी राहिली तर टंच कमी भरतो, ती तिथे उपयोगाची ठरली.

या पदार्थाचे दोष मात्र गलाईवाल्याला आधीच माहीत आहेत. त्यातली एकेक काडी मजबूत असते, पण आख्खा तुकडा ठिसूळ. आणि तापवला की काड्या जाड होत जातात, छिद्रे मोठी होतात, तपकिरी रंग जाऊन पिवळा येतो. म्हणून प्रयोगशाळेत हा गाळ आचेपासून जपतात. दुसरी एक वाटही निघाली आहे. १९९७ मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज अ‍ॅटर्ड आणि सहकाऱ्यांनी साबणासारख्या रेणूंच्या नियमित रचनेचा साचा करून त्याभोवती प्लॅटिनम बसवले. साचा धुऊन टाकला की एकसारख्या नळ्यांची छिद्रे उरतात. पण मिसळून खाऊन टाकण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत सोपी आहे.

आता दोन गोष्टी मनापासून सांगतो. पहिली तब्येतीची. तेजाबातून निघणारा तांबूस धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. त्याचा त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो, आणि तोवर फुप्फुसांत पाणी भरू लागलेले असते. ‘आम्हाला सवय आहे’ असे म्हणणाऱ्या मित्रांनो, या धुराची सवय होत नाही. धूर खेचणारा पंखा आणि उंच धुराडे हा भट्टीच्या खर्चातला पहिला खर्च धरा, आणि पोरांना त्या खोलीत झोपवू नका.

दुसरी गोष्ट नोंदींची. डोबेरायनर इतिहासात राहिले, कारण त्यांनी पाहिले ते लिहिले. पेरूच्या सोनारांनी लिहिले नाही, म्हणून त्यांची रीत शोधायला कित्येक शतके गेली. आपल्या भागातल्या जुन्या हातांना रव्याचा आकार, तेजाबाची तीव्रता, पहिल्या आणि दुसऱ्या उकळीतला फरक, गाळाच्या रंगावरून ओळखायची शुद्धता, तांब्याची पट्टी टाकून पाण्यातली चांदी परत काढायची खूण, हे सारे पाठ आहे. कागदावर ते कुठेच नाही. यंत्रावर चालणाऱ्या मोठ्या रिफायनऱ्या आल्या आहेत आणि भट्ट्या कमी होत आहेत.

आपल्या बॅचमध्ये गलाईवालेही आहेत आणि विज्ञानाचे शिक्षकही. एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने वहीत उतरवायचे, एवढेच करायचे आहे. पुढच्या मेळाव्याला अशी एक जरी वही आपल्या शाळेच्या ग्रंथालयात जमा झाली, तरी दहावीतच दप्तर ठेवलेल्या आपल्या मित्रांचा धडा शाळेत लागला असे मी म्हणेन.