चाचणी आधी, आयन नंतर

मिठाच्या द्रावणात आपण विरल नायट्रिक आम्ल व सिल्व्हर नायट्रेटचे काही थेंब घालतो. परीक्षानळीत दह्यासारखा पांढरा अवक्षेप दिसतो आणि विद्यार्थी वहीत लिहितात, 'क्लोराइड आयन आहे.' पण ही चाचणी 'आयन' या शब्दापेक्षाही जुनी आहे.

अठराव्या शतकात युरोपात झऱ्यांचे खनिजयुक्त पाणी औषध म्हणून पीत असत. त्यात काय विरघळले आहे हे कसे ओळखावे, याविषयी स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील प्राध्यापक टॉर्बर्न बर्गमन यांनी १७७८ मध्ये प्रबंध लिहिला. सल्फेटसाठी बेरियमचा क्षार आणि क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेट, हे आपले नेहमीचे अभिकारक त्यात आहेत. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे हेही तेव्हा माहीत नव्हते. ते डेव्ही यांनी १८१० मध्ये सांगितले.

मग ही चाचणी क्लोरीनची म्हणावी का? तसे म्हटले तर अडचण येते. पोटॅशियम क्लोरेटमध्ये आणि क्लोरोफॉर्ममध्ये क्लोरीन आहे, पण शुद्ध असतील तर दोन्ही हा अवक्षेप देत नाहीत.

'आयन' हा शब्द फॅरडे यांनी १८३४ मध्ये रूढ केला. क्षार पाण्यात विरघळताच, वीजप्रवाह नसतानाही, आयन सुटे होतात हे मात्र १८८७ मध्ये स्वान्ते अऱ्हेनियस यांनी स्पष्टपणे मांडले. त्याची सुरुवात त्यांच्या १८८४ च्या प्रबंधात होती. तो सादर झाला त्याच उप्साला विद्यापीठात, आणि परीक्षकांनी त्याला खालची श्रेणी दिली! १९०३ मध्ये अऱ्हेनियस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कोडे सुटते. चांदीचा आयन सुट्या क्लोराइड आयनाशी जोडला जातो. क्लोरेटमध्ये क्लोरीन तीन ऑक्सिजन अणूंसह एकाच आयनात बांधलेला असतो, तर क्लोरोफॉर्ममध्ये तो कार्बनला जोडलेला असतो. म्हणून चाचणी मूलद्रव्याची नव्हे, आयनाची आहे.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. मीठ आणि धुण्याचा सोडा यांची द्रावणे ऊर्ध्वपातित पाण्यात करावीत. नळाच्या पाण्यातही क्लोराइड असते. प्रथम आम्ल न घालता सिल्व्हर नायट्रेट घालावे. दोन्हींत फिकट अवक्षेप येईल. मग पुरेसे विरल नायट्रिक आम्ल घालावे. सोड्याचा अवक्षेप बुडबुडे येऊन नाहीसा होईल, मिठाचा तसाच राहील. आम्ल कशासाठी घालतात, हे नंतर विद्यार्थ्यांनाच विचारावे.